पाहुणा ताप : मॉरिशस बेटाची गोष्ट

वर्गातल्या नकाशात आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर सहज सापडते. त्याच्याही पूर्वेला जरा बारकाईने पाहिले तर दोन-तीन ठिपके दिसतात. त्यांतला एक मॉरिशस. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळपास निम्मे. हिवतापाचा, म्हणजे मलेरियाचा इतिहास शिकवायचा असेल तर या एवढ्याशा बेटाइतके चांगले उदाहरण आम्हांला दुसरे माहीत नाही. खंडप्राय देशात रोग कुठून आला, कधी आला, कसा गेला हे सांगणे अवघड असते. बेटाला चारी बाजूंनी पाणी. तिथे जे येते ते कुणीतरी आणावे लागते.

१८६५ सालापर्यंत मॉरिशसमध्ये हिवतापाचा फैलाव नव्हता. युरोपातून भारताकडे जाणारे खलाशी इथे प्रकृती सुधारण्यासाठी थांबत, इतकी या बेटाची हवा चांगली समजली जाई. मग पश्चिम किनाऱ्याकडच्या वस्त्यांमधून थंडी वाजून येणाऱ्या तापाच्या बातम्या येऊ लागल्या. पुढच्या वर्षी त्या वाढल्या, आणि १८६७ सालच्या पावसाळ्यात सगळ्या बेटावर हाहाकार उडाला. त्या एका वर्षात तीस हजारांहून अधिक माणसे तापाने गेली. बेटाची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास होती. म्हणजे साधारण दहा माणसांमागे एक. राजधानी पोर्ट लुईसला सर्वांत मोठा तडाखा बसला. क्विनीनचा तुटवडा पडला. ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले आणि मधल्या उंच पठारावर क्युरपीपकडे घरे बांधली. आजही मॉरिशसची दाट वस्ती या पठारावर दिसते, तिची मुळे बऱ्याच अंशी त्या साथीत आहेत.

ही साथ आली कशी? त्या काळच्या लोकांनी चार उत्तरे दिली. पहिले उत्तर हवेचे. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. पाणथळ जागेतून विषारी वाफ निघते व तिने ताप येतो, असे तेव्हाचे वैद्यकशास्त्र मानत होते. दुसरे उत्तर जमीन उकरल्याचे. बेटावर १८६४ साली आगगाडी सुरू झाली होती, तिच्यासाठी झालेल्या खोदकामातून ही वाफ मोकळी झाली म्हणे. तिसरे, उसासाठी जंगले तोडल्याचे. आणि चौथे उत्तर होते बोट दाखवण्याचे : ताप आणला तो हिंदी मजुरांनी.

हे मजूर कोण होते ते आपल्या मुलांना जरूर सांगावे. १८३५ साली मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली, आणि पुढच्या आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे तिथे उतरली. बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली, काही तमिळ व तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची मराठी माणसेही. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. १८६७ च्या साथीत मळ्यांवरच्या झोपड्यांतून हेच लोक मोठ्या संख्येने मेले. मेले ते, आणि ठपकाही त्यांच्यावरच.

या आरोपात तथ्य किती, हे ठरवायला शास्त्राला तीस-चाळीस वर्षे लागली. पण साधा तर्क त्या वेळीही करता आला असता. हिंदी मजूर काही १८६५ साली पहिल्यांदा आले नव्हते. ते तीस वर्षे येतच होते, आणि त्यांतल्या कित्येकांच्या रक्तात हिवताप असणारच. त्याआधी फ्रेंच अमलात शंभर वर्षे मादागास्कर आणि मोझांबिकमधून गुलाम आणले जात होते. ते प्रदेश तर हिवतापाचे माहेरघर. खलाशी, सैनिक, व्यापारी वेगळेच. रोगाचे बीज दीडशे वर्षे बेटावर उतरत होते. मग ते रुजले नाही कसे? आणि १८६५ मध्येच का रुजले?

हे कोडे सोडवायला दोन शोध लागले. १८८० साली अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर अल्फाँस लॅव्हरान यांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हलणारे परजीवी दिसले. आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना रोग्याचे रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत तेच परजीवी वाढताना सापडले. रॉस यांचा जन्म अल्मोड्याचा, नोकरी हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून डासातले चक्र पूर्ण दाखवले. त्याच सुमारास इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांतला हिवताप फक्त अ‍ॅनोफिलीस जातीच्या डासांच्या माद्या पसरवतात हे सिद्ध केले.

म्हणजे हिवताप पसरायला दोन पाहुणे लागतात. एक परजीवी, दुसरा त्याला वाहून नेणारा डास. एकटा परजीवी आला तर तो रोग्याबरोबर संपतो. एकटा डास आला तर तो नुसताच चावतो. सेशेल्सच्या मुख्य बेटांचे उदाहरण पाहा. हवा उष्ण, पाऊस भरपूर, आफ्रिकेतून व भारतातून माणसांची ये-जा सतत. पण तिथे अ‍ॅनोफिलीस डासच नाहीत. म्हणून तिथे ताप घेऊन कुणी आला तरी शेजाऱ्याला लागत नाही.

मॉरिशसमध्ये अ‍ॅनोफिलीसच्या काही जाती असाव्यात, पण माणसाच्या रक्ताची विशेष आवड असणाऱ्या नव्हत्या. १८६० च्या दशकात आफ्रिकेकडून आलेल्या कुठल्यातरी जहाजातून दोन पट्टीचे वाहक उतरले : गॅम्बी गटातला डास आणि फ्युनेस्टस डास. आज बहुतेक अभ्यासक असेच मानतात. आगबोटींमुळे प्रवासाचे दिवस कमी झाले होते, त्यामुळे पूर्वी वाटेत मरणारा डास आता जिवंत पोचू लागला असावा. जंगल तोडून केलेली शेते, उघड्यावर उन्हात साचलेली डबकी ही गॅम्बीची आवडती जागा, ती तयारच होती. म्हणजे जंगलतोडीचे उत्तर अगदीच चूक नव्हते. पण नवा प्रवासी होता तो डास. त्याला कुणी उतरताना पाहिले नाही. माणसे दिसत होती, म्हणून दोष माणसांना.

असाच प्रकार पुढे ब्राझीलमध्ये झाला. १९३० साली नाताल शहराजवळ रेमंड शॅनन या कीटकशास्त्रज्ञाला आफ्रिकी गॅम्बी डासाच्या अळ्या सापडल्या. डाकारहून टपाल घेऊन येणाऱ्या वेगवान फ्रेंच बोटींतून तो आला असे मानतात. सुरुवातीला दुर्लक्ष झाले. १९३८ मध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा फ्रेड सोपर यांच्या नेतृत्वाखाली डबकी शोधत शोधत १९४० पर्यंत या डासाचा तिथून समूळ नायनाट केला गेला. पाहुण्या डासाला पूर्ण हाकलल्याची अशी उदाहरणे फारच थोडी आहेत.

मॉरिशसकडे परत येऊ. हिवताप तिथे कायमचा वस्तीला आला. ब्रिटिश वसाहत खात्याने १९०७ साली रोनाल्ड रॉस यांनाच बेटावर पाठवले. नोव्हेंबर १९०७ ते फेब्रुवारी १९०८ ते तिथे होते. शाळांतून व मळ्यांवर हजारो मुलांची पोटे चाचपून पानथरी (प्लीहा) वाढली आहे का हे तपासण्यात आले. वारंवार हिवताप येणाऱ्या मुलाची पानथरी फुगून बरगडीखाली हाताला लागते. सुई नको, सूक्ष्मदर्शक नको. गावात हिवताप किती हे अजमावण्याची ती जुनी आणि स्वस्त पद्धत. सुमारे एक तृतीयांश मुलांची पानथरी वाढलेली निघाली.

पण या दौऱ्यातून निघालेल्या अहवालात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते ते एक गणित. तेव्हा रॉस यांच्यावर आक्षेप असा होता, की सगळे डास मारणे अशक्य, मग हा उद्योग हवा कशाला? त्यावर त्यांचे म्हणणे होते की सगळे मारायची गरजच नाही. त्यांच्या मांडणीतला हिशेब सातवीच्या मुलालाही करता येईल. समजा, एका गावात १,००० माणसे आहेत आणि त्यांतल्या एकाच्याच रक्तात परजीवी आहेत. गावात महिन्याला ४८,००० अ‍ॅनोफिलीस माद्या निपजतात. सगळ्यांनाच माणूस चावायला मिळत नाही. चारांतल्या एकीला मिळतो असे धरू. झाले १२,००० चावे. ते हजार जणांत वाटले तर आपल्या रोग्याच्या वाट्याला १२. या बारा माद्यांच्या पोटात परजीवी गेले खरे, पण ते वाढून डासाच्या लाळग्रंथीत पोचायला दहा-बारा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तिघींतली एकच जगते. उरल्या ४. त्यांतल्याही चौघींतली एकच पुन्हा माणसाला चावते. उरली १. म्हणजे एका रोग्यामागे महिन्यात नवा रोगी एक.

आता डास निम्मे करा. एका रोग्यामागे नवा रोगी अर्धा. दोन जुने रोगी बरे होतात तेव्हा नवा एकच तयार होतो. रोग आपोआप ओसरत जातो. डास दुप्पट केले तर उलटे. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक उंबरठा आहे, आणि डासांची संख्या त्याच्या खाली ठेवली की पुरे. साथीच्या रोगांचे गणित आज ज्या पायावर उभे आहे त्यातला एक महत्त्वाचा दगड मॉरिशसच्या या अहवालात बसवला गेला. विद्यार्थ्यांना एकेक आकडा बदलून पाहायला सांगावे. मच्छरदाणी वापरली तर कुठला आकडा बदलतो? घराच्या भिंतीवर औषध फवारले तर? दुसऱ्या प्रश्नात गंमत आहे. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, तिथे ती मरते. म्हणजे दहा-बारा दिवस जगणाऱ्या माद्यांचा वाटा घटतो. थोड्या फवाऱ्यात मोठा फरक पडतो तो यामुळे.

फवाऱ्याची संधी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. १९४९ पासून मॉरिशसमध्ये घरोघर डीडीटी फवारण्यात आले. घरात राहणारा, घरात विसावणारा फ्युनेस्टस डास त्यात पार नाहीसा झाला. गॅम्बी गटातला डास मात्र उरला. आता त्याला अरेबियेन्सिस म्हणतात. तो गुरांनाही चावतो आणि घराबाहेर विसावतो, म्हणून वाचला. तरी मृत्यू झपाट्याने खाली आले, शेवटचा स्थानिक रोगी १९६८ मध्ये नोंदला गेला. योगायोग असा की त्याच वर्षी १२ मार्चला देश स्वतंत्र झाला. १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

दोनच वर्षे गेली. फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेझ नावाचे चक्रीवादळ बेटावर आदळले. घरे पडली, छपरे उडाली. पुन्हा उभारणीसाठी बाहेरून कामगार आले, त्यांत हिवतापाच्या देशांतून आलेलेही होते. वादळाच्या धड्याने लोकांनी काँक्रीटची सपाट छपराची घरे बांधायला सुरुवात केली होती. छपरावर उथळ पाणी साचे, आणि त्यात अरेबियेन्सिसच्या अळ्या वाढत. वाहक डास हजर, परजीवी पुन्हा आला, आणि हिवताप नाही म्हणून लक्ष ठेवणारी यंत्रणा सैल पडलेली. हळूहळू वाढत १९८२ मध्ये एका वर्षात सहाशेहून अधिक रोगी झाले. मग पुन्हा फवारणी, पुन्हा छपरांवर औषध, पुन्हा घरोघर रक्ततपासणी. हे सगळे आवरायला १९९८ साल उजाडले.

आकडा सहाशेचा आहे, १८६७ च्या मानाने नगण्य, असे कुणी म्हणेल. पण श्रीलंकेचे काय झाले ते पाहावे. १९६३ साली साऱ्या श्रीलंकेत हिवतापाचे फक्त १७ रोगी नोंदले गेले होते. लक्ष ढळले, आणि १९६७ ते १९६९ च्या दरम्यान पाच लाखांहून अधिक लोक आजारी पडले. तिथून पुन्हा शून्यावर यायला त्या देशाला २०१२ चा ऑक्टोबर गाठावा लागला. प्रमाणपत्र २०१६ मध्ये मिळाले. आपल्याकडची कथाही वेगळी नाही. १९६५ मध्ये भारतातला आकडा लाखाच्या आसपास आला होता, १९७६ मध्ये तो ६४ लाखांच्या पुढे गेला. वरिष्ठ शिक्षकांना दारावर तारखा लिहून जाणारे मलेरिया कर्मचारी आठवत असतील. रोग दिसेनासा झाला की त्यांची नोकरी अनावश्यक वाटू लागते, हीच या कामाची अडचण.

मॉरिशसने दुसऱ्या विजयानंतर वेगळी वाट धरली. डास संपवता येत नाही हे कळले होते. माणसांचे येणे थांबवता येत नव्हते. पर्यटनावर देशाचे पोट आहे. म्हणून भर दिला तो आलेल्या परजीवीला लवकर गाठण्यावर. विमानतळावर व बंदरात उतरणाऱ्या प्रत्येकाला आपण कुठल्या देशातून आलो हे लिहून द्यावे लागे. हिवतापाच्या देशांतून आलेल्यांच्या पत्त्यावर आरोग्य कर्मचारी जाऊन ताप आहे का विचारत आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टी तयार करत. मायदेशी भेट देऊन परतणाऱ्या मॉरिशसच्या नागरिकांनाही तोच नियम. परजीवी सापडला तर औषध फुकट आणि शेजारपाजारची तपासणी. शिवाय विमानतळ व बंदराभोवतीच्या घरांत फवारणी, म्हणजे डास-पाहुण्याचाही बंदोबस्त. १९९८ पासून बेटावर स्थानिक फैलाव पुन्हा सुरू झालेला नाही.

रॉस यांच्या गणिताने याचा अर्थ लावता येतो. आपल्या रोग्याला महिन्यात बारा डास चावतात असे धरले होते. तो पहिल्या तीन दिवसांतच सापडला आणि बरा झाला तर? बाराऐवजी एखादाच डास त्याच्यापासून परजीवी घेईल. उंबरठ्यावर जो परिणाम डास मारून होतो, तोच लवकर निदान करून होतो. मात्र इथे परजीवीच्या जातीचा प्रश्न येतो. डासात जाऊन वाढू शकणारे परजीवी ही वेगळी अवस्था असते, तिला गॅमेटोसाइट म्हणतात. प्राणघातक फाल्सिपेरम जातीत ते ताप सुरू झाल्यावर साधारण दहा दिवसांनी रक्तात येतात, म्हणजे डॉक्टरला वेळ मिळतो. व्हायव्हॅक्स जातीत ते जवळपास तापाबरोबरच दिसू लागतात; रोग्याला आपण आजारी आहोत हे कळेपर्यंत डासाने आपला वाटा नेलेला असतो. १९७५ नंतरची मॉरिशसची साथ व्हायव्हॅक्सची होती, यात आम्हांला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

व्हायव्हॅक्सची दुसरी खोडही प्रवासाशी संबंधित आहे. त्याचे काही परजीवी यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि मग जागे होतात. १९५२ साली कॅलिफोर्नियातल्या लेक व्हेरा या तळ्याकाठी कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाने मुक्काम केला. त्याला तापाची उलटी पाळी आली होती. जवळच मुलींचे शिबिर भरले होते, आणि स्थानिक अ‍ॅनोफिलीस डासही होते. त्या उन्हाळ्यात पस्तीसच्या आसपास जणांना हिवताप झाला, बहुतेक शिबिरातल्या मुली. याच्या उलट, १९९४ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाच्या संबंधाने सहा जणांना हिवताप झाला, त्यांनी आफ्रिकेचे तोंडही पाहिले नव्हते. विमानातून डास आला होता. त्यांतले दोघे तर विमानतळापासून दूर राहत; डास बहुधा मोटारीत बसून त्यांच्या वस्तीत पोचला. परजीवी माणसातून जातो, डास विमानातून जातो, दोन्ही वाटा उघड्या आहेत.

आणि हल्लीच्या काळात या कथेने एक वळण घेतले आहे ते आपल्याला जवळचे आहे. मुंबईच्या इमारतींवरच्या टाक्यांत, विहिरींत वाढणारा स्टिफेन्सी डास सर्वांना परिचित आहे. बेंटली यांनी १९११ सालच्या आपल्या मुंबईच्या अहवालात विहिरींकडे बोट दाखवले ते याच डासामुळे. हा आशियाई डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूती बंदरात सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात. जिबूतीत २०१२ साली हिवतापाचे २७ रोगी होते, २०२० साली ७३ हजारांहून अधिक. आफ्रिकेचा हिवताप हा खेड्यांचा रोग. शहरे बरीच सुरक्षित होती. टाकीत वाढणारा हा डास ते चित्र बदलू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतून डास मॉरिशसला गेला, आता आपल्याकडचा तिकडे. त्यासाठी कुणी भारतीय खलाशांना दोष दिला तर आपल्याला तो पटेल का? गोव्यात १९८० च्या दशकात बांधकामांबरोबर हिवताप वाढला तेव्हा परप्रांतीय मजुरांकडेच बोट दाखवले गेले होते. पुढे तिथे बांधकाम मजुरांना आरोग्यपत्रिका सक्तीची झाली. पत्रिकेने रक्त तपासले जात असेल आणि उपचार मिळत असतील तर उत्तमच. पण बांधकामावर साठवलेल्या पाण्यात डास वाढवतो तो मालक, त्याच्या पत्रिकेची चौकशी कोण करतो?

आता व्यवहाराचे. आपल्या गावातूनही माणसे नोकरीसाठी टांझानिया, युगांडा, नायजेरिया, मोझांबिककडे जातात. ‘आपल्याला हिवतापाची सवय आहे’ हा त्यांचा समज घातक आहे. हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती अपुरी असते, सतत लागण होत राहिली तरच टिकते, आणि दोन-तीन वर्षांत ओसरते. ब्रिटनमध्ये २०२३ साली बाहेरून आलेल्या हिवतापाचे २,००४ रोगी नोंदले गेले. त्यांतले बहुसंख्य सहलीला गेलेले गोरे नव्हते, तर नातेवाइकांना भेटायला मायदेशी गेलेले लोक होते. माहेरी जाताना औषध कशाला, हा विचार त्यामागे.

औषध घ्यायचे ते डॉक्टरच्या सल्ल्याने. मूल, गर्भवती, इतर आजार यांनुसार निवड बदलते. जुने क्लोरोक्विन आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर चालत नाही. मेफ्लोक्विन निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी. दोन्ही परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागतात, आणि नेमके हेच लोक विसरतात. शेवटच्या रात्री चावलेल्या डासाचा परजीवी आधी यकृतात राहतो आणि मग रक्तात येतो. ही औषधे त्याला रक्तात गाठतात, म्हणून ती तोवर अंगात असावी लागतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे संयुक्त औषध यकृतातही काम करते, म्हणून परतल्यावर सात दिवस पुरते. अ‍ॅनोफिलीस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. तेव्हा बाह्या लांब, उघड्या अंगावर डास पळवणारे मलम, आणि औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. २०२१ आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन लसी, त्यांतली दुसरी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, त्या हिवतापाच्या प्रदेशातल्या लहान मुलांसाठी आहेत. प्रवाशांसाठी नाहीत.

एवढे करूनही ताप येऊ शकतो. फाल्सिपेरमचा ताप चाव्यानंतर सात दिवसांच्या आत सहसा येत नाही, बहुधा महिना-दोन महिन्यांत येतो, आणि उपचाराला एक-दोन दिवसांचा उशीर झाला तरी मेंदू, मूत्रपिंडे यांवर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. परतल्यानंतर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य ‘मी अमुक देशातून आलो आहे’ हेच सांगावे, आणि त्याच दिवशी रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. पहिली तपासणी नकारात्मक आली तर ती पुन्हा करायची असते. एका थेंबात परजीवी दिसला नाही याचा अर्थ तो अंगात नाही असा होत नाही. व्हायव्हॅक्स निघाला तर यकृतातल्या झोपलेल्या परजीवींसाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा क्रम घ्यावा लागतो. त्याआधी जी-६-पीडी या विकराची कमतरता नाही ना, हे रक्त तपासून पाहतात, कारण ती असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरता आपल्याकडेही काही समाजांत बऱ्यापैकी आढळते. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या थांबवणारे रोगी आम्ही पाहिले आहेत. त्यांतल्या काहींची काचपट्टी दोन-चार महिन्यांनी पुन्हा आमच्या टेबलावर आली.